'विकत घ्या' हे बटण दाबून मी नेमके काय घेतले?

समासटीप

गेल्या आठवड्यात घडलेला एक लहानसा प्रकार सांगतो आणि त्यावरून पडलेला प्रश्न येथे मांडतो. दहा-अकरा वर्षांपूर्वी मी एका ऑनलाइन दुकानातून छपाईच्या इतिहासावरचा एक जाडजूड ग्रंथ ई-पुस्तकाच्या रूपात विकत घेतला होता. भाड्याने नव्हे, पडद्यावर 'विकत घ्या' असे बटण होते, मी ते दाबले, पूर्ण किंमत मोजली आणि ई-मेलने पावतीही आली. हा ग्रंथ मी दोनदा वाचला असून त्यात शेकडो ठिकाणी खुणा केल्या आहेत आणि समासात टिपा लिहिल्या आहेत. नवा टॅबलेट घेतल्यावर त्यावर माझे खाते उघडले, तेव्हा यादीत मुखपृष्ठ दिसले खरे, पण ते करडे पडलेले होते. त्यावर बोट ठेवले की 'हा मजकूर आता उपलब्ध नाही' एवढे एकच वाक्य येते. जुन्या टॅबलेटवर मात्र तेच पुस्तक आजही व्यवस्थित उघडते. अडचण इतकीच की त्याची बॅटरी फुगली आहे आणि पडदा एका बाजूने उचलला गेला आहे.

दुकानाकडे विचारणा केली तेव्हा उत्तर नम्र होते. प्रकाशकाबरोबरचा त्यांचा करार संपला असल्यामुळे पुस्तक नव्याने उतरवून घेता येणार नाही, ही शक्यता अटी व शर्तींमध्ये नमूद केलेली आहे आणि झालेल्या गैरसोयीबद्दल त्यांना खेद वाटतो. अटी काढून पाहिल्या. खरोखरच नमूद आहे.

माझ्याकडे याच पद्धतीने घेतलेली आणखी बरीच पुस्तके, काही चित्रपट, थोडे संगीत आणि संगणकावरचे खेळ आहेत. कायद्याच्या दृष्टीने मी इतकी वर्षे काय विकत घेत होतो? आणि यापुढे मी काय करावे: कागद आणि तबकड्यांकडे परत जावे, की मालकीचा नाद सोडून सगळीकडे सरळ मासिक वर्गणी भरावी? 'अटी वाचायला हव्या होत्या' हे मला मान्य आहे, त्यामुळे तेवढे एक सोडून इतर काही सांगितल्यास उपकार होतील.

कलमदर्शी

तुमच्या पहिल्या प्रश्नाचे थोडक्यात उत्तर असे की तुम्ही पुस्तक घेतले नाही, पुस्तक वाचण्याची परवानगी घेतली, आणि ती परवानगी काढून घेण्याचा अधिकार देणाऱ्याने स्वतःकडे ठेवला. पण ही स्थिती कशी आली हे समजून घेण्यासारखे आहे, कारण छापील पुस्तकाबाबत हाच वाद शंभर वर्षांपूर्वी ग्राहकाच्या बाजूने सुटला होता.

बॉब्ज-मेरिल या अमेरिकी प्रकाशनसंस्थेने आपल्या एका कादंबरीत अशी सूचना छापली होती की ही प्रत एका डॉलरपेक्षा कमी किमतीला कोणी विकल्यास तो कॉपीराइटचा भंग समजला जाईल. मेसीज या मोठ्या दुकानाने ती कादंबरी ८९ सेंटला विकली आणि प्रकरण तिथल्या सर्वोच्च न्यायालयापर्यंत गेले. १९०८ मध्ये न्यायालयाने सांगितले की प्रत एकदा विकली की त्या प्रतीची पुढची विक्री कोणत्या भावाने व्हावी हे ठरवण्याचा हक्क कॉपीराइटधारकाला उरत नाही. आपण जुनी पुस्तके विकतो, मित्राला उसनी देतो, वाचनालयाला दान करतो, त्यामागे हेच 'प्रथम विक्री'चे तत्त्व आहे आणि बहुतेक देशांच्या कायद्यांत ते कोणत्या ना कोणत्या रूपात आढळते. पुस्तकाच्या आत छापलेली अट ही आजच्या 'मी सहमत आहे' या चौकोनाची आजीच म्हणायची, आणि त्या काळी ती न्यायालयात टिकली नाही.

डिजिटल फाइलबाबत हे तत्त्व अडते ते एका साध्या कारणामुळे. पुस्तक एका हातातून दुसऱ्या हातात जाते, तर फाइल 'जाताना' तिची नवी प्रत तयार होते, आणि प्रत काढण्याचा हक्क कॉपीराइटधारकाचा. ऑनलाइन घेतलेली गाणी पुन्हा विकण्याची सोय रीडिजी नावाच्या कंपनीने केली होती. मूळ मालकाच्या संगणकावरची फाइल विक्रीच्या वेळी पुसली जाते असे तिचे म्हणणे होते. अमेरिकी अपील न्यायालयाने डिसेंबर २०१८ मध्ये ते फेटाळले, कारण काहीही पुसले तरी दुसऱ्या टोकाला नवी प्रत तयार झालीच होती. युरोपात चित्र अधिक गमतीचे आहे. तिथल्या सर्वोच्च न्यायपीठाने २०१२ मध्ये ओरॅकल या सॉफ्टवेअर कंपनीच्या विरोधात निकाल देताना सांगितले की कायमस्वरूपी वापरासाठी पैसे घेऊन दिलेले सॉफ्टवेअर ही विक्रीच आहे, मग तिला परवाना म्हणा किंवा आणखी काही, आणि आपली प्रत निरुपयोगी करून ते पुढे विकता येईल. त्याच न्यायपीठाने २०१९ मध्ये ई-पुस्तकांसाठी मात्र हे लागू होत नाही असा निर्णय दिला. म्हणजे युरोपात वापरलेले सॉफ्टवेअर विकता येते, वापरलेले ई-पुस्तक विकता येत नाही. दोन्ही निकालांमागे तर्क आहे, पण सामान्य वाचकाला तो पटवून देण्याचे काम माझ्यावर येऊ नये अशी प्रार्थना आहे.

बटणावरच्या शब्दाबद्दल अलीकडे एक हालचाल झाली आहे. कॅलिफोर्नियाने २०२४ मध्ये केलेला आणि १ जानेवारी २०२५ पासून लागू झालेला कायदा म्हणतो की विक्रेत्याला काढून घेता येईल अशी डिजिटल वस्तू विकताना 'विकत घ्या' असे शब्द वापरायचे असतील, तर हा परवाना आहे हे ग्राहकाला स्पष्ट सांगितले पाहिजे. कायमस्वरूपी उतरवून ठेवता येणाऱ्या आणि नंतर इंटरनेटशिवाय चालणाऱ्या वस्तूंना त्यातून सूट आहे. या कायद्याने तुमचे पुस्तक परत मिळणार नाही. पण त्या सुटीकडे लक्ष द्या, कारण मालकी आणि परवानगी यांतली रेघ तिथेच ओढली आहे.

तबकडीवाला

समासटीप, सर्वांत आधी तो जुना टॅबलेट चार्जिंगवरून काढा आणि पुन्हा लावू नका. फुगलेली लिथियम बॅटरी दाबली गेली किंवा तिला छिद्र पडले तर पेट घेऊ शकते. दुरुस्ती करणाऱ्या जाणकाराकडून आधी ती बदलून घ्या. पुस्तकाचे पुढचे सगळे त्यानंतर. बॅटरी बदलताना टॅबलेट 'फॅक्टरी रीसेट' करू नका आणि खात्यातून बाहेरही पडू नका, कारण तुमच्या पुस्तकाची किल्ली त्या यंत्रातच आहे.

किल्ली म्हणजे काय ते सांगतो, कारण कलमदर्शींनी कायदा सांगितला, पण तुमच्या टॅबलेटवर जे घडले ते कायद्याने नव्हे, यंत्रणेने घडवले. अशा दुकानातून उतरवलेली फाइल सांकेतिक रूपात बंद केलेली असते. ती उघडण्याची किल्ली फाइलमध्ये नसते. ती विक्रेत्याच्या परवाना-सर्व्हरकडून वेगळी येते आणि विशिष्ट खाते व विशिष्ट यंत्र यांच्याशी बांधलेली असते. जुन्या यंत्राला किल्ली पूर्वीच मिळाली होती म्हणून तिथे पुस्तक उघडते. नव्या यंत्राने मागितली तेव्हा सर्व्हरने नाही म्हटले. यालाच डीआरएम, म्हणजे डिजिटल कुलूप, म्हणतात. चित्रपटांच्या बाबतीत साखळी आणखी लांब असते: ब्राउझरमध्ये किंवा यंत्राच्या चिपमध्ये वाइडवाइनसारखा बंद भाग असतो, तो चित्र उलगडतो, आणि तिथून पडद्यापर्यंतच्या केबलवर एचडीसीपी ही नक्कल रोखणारी यंत्रणा पहारा देते. त्यातली एक कडी नापसंत पडली की पूर्ण पैसे भरूनही चित्र धूसर दिसते किंवा दिसतच नाही. अधिकृत ग्राहकाला या तपासण्यांतून रोज जावे लागते आणि चोरून प्रत मिळवणाऱ्याला एकदाही नाही, ही या तंत्राची जुनी शोकांतिका आहे.

सर्व्हर बंद पडल्यावर काय होते याचा इतिहासही आता बराच जमा झाला आहे. २००८ मध्ये मायक्रोसॉफ्टने एमएसएन म्युझिकचे परवाना-सर्व्हर बंद करण्याचे जाहीर केले, म्हणजे त्यानंतर संगणक बदलला की घेतलेली गाणी गेली. ओरड झाल्यावर मुदत २०११ पर्यंत वाढवली. २००८ मध्येच याहूनेही आपल्या संगीताचे तेच केले आणि ग्राहकांना सल्ला असा दिला की गाणी सीडीवर उतरवून घ्या. ज्या तबकडीला हे तंत्रज्ञान म्हातारी ठरवायला निघाले होते, शेवटी तिच्याच अंगणात ते आश्रयाला आले! २०१९ मध्ये मायक्रोसॉफ्टने आपले ई-पुस्तकांचे दुकान बंद केले. सर्वांना पूर्ण पैसे परत दिले, हे त्यांच्या बाजूने सांगितले पाहिजे, पण पुस्तके सर्वांच्या यंत्रांवरून गेली. ज्यांनी पुस्तकांत टिपा लिहिल्या होत्या त्यांना २५ डॉलरची वेगळी जमा मिळाली. तुमच्या समासातल्या टिपांचा बाजारभाव एकदा असा ठरलेला आहे.

या सगळ्याला छेद देणारे उदाहरण संगीताचे आहे आणि ते विसरले जाते. फेब्रुवारी २००७ मध्ये ॲपलचे प्रमुख स्टीव्ह जॉब्ज यांनी एक खुले पत्र लिहिले. त्यातला मुद्दा बिनतोड होता: आदल्या वर्षी ऑनलाइन दुकानांतून कुलूपबंद गाणी विकली गेली दोनशे कोटींहून कमी, आणि त्याच कंपन्यांनी सीडीवर कोणत्याही कुलपाविना विकली दोन हजार कोटींहून अधिक; मग कुलूप नेमके कशाचे रक्षण करते? काही महिन्यांत ईएमआय या संगीत कंपनीने कुलूप काढले आणि जानेवारी २००९ मध्ये ॲपलच्या आयट्यून्स या दुकानाने सर्व मोठ्या कंपन्यांच्या गाण्यांबाबत तशी घोषणा केली. जॉब्ज यांचा हेतू निव्वळ परोपकाराचा नव्हता, हे मलाही ठाऊक आहे. पण आकाश कोसळले नाही. आजही विकत घेतलेले गाणे साधी फाइल म्हणून मिळते, तिची प्रत दुसऱ्या डिस्कवर ठेवता येते आणि दुकान उद्या बंद झाले तरी ते वाजते. संगीताला जे जमले ते पुस्तकांना आणि चित्रपटांना का जमू नये, याचे समाधानकारक उत्तर मी आजवर ऐकलेले नाही. पुस्तकांत टॉर या प्रकाशनाने २०१२ मध्ये कुलूप काढले, खेळांमध्ये जीओजी हे दुकान २००८ पासून कुलूपाविना विकते. दोघेही अजून धंद्यात आहेत.

आता तुमचा दुसरा प्रश्न. तबकड्यांकडे सरसकट परत जा असे मी म्हणणार नाही, आणि माझ्या सदस्यनामाकडे पाहता हे म्हणणे मला जड जाते. ऑडिओ सीडी हा अपवाद. १९८२ साली बाजारात आलेली सीडी आजच्या ड्राइव्हमध्ये वाचता येते आणि तिच्यावर कुलूप नाही. मागच्या महिन्यातच मी एक जुनी सीडी संगणकावर उतरवत होतो. सातव्या गाण्यावर ड्राइव्ह घुटमळू लागला, तोच तुकडा पुन्हा पुन्हा वाचू लागला आणि चार मिनिटांच्या गाण्याला पाऊण तास लागला. शेवटी प्रोग्रामने तयार झालेल्या फाइलची तपासणी-बेरीज (फाइलमधल्या बिटांवरून काढलेला पडताळणीचा आकडा) इतर लोकांनी त्याच सीडीवरून काढलेल्या बेरजेशी ताडून पाहिली आणि दोन्ही जुळल्या. म्हणजे ओरखडा होता तरी एकही बिट चुकला नाही. त्याची फ्लॅक, म्हणजे आवाजातले काहीही न गाळता साठवणारी, फाइल केली. त्या फाइलमध्ये मूळ ध्वनीची बेरीज साठवलेली असते, त्यामुळे वीस वर्षांनी फाइल शाबूत आहे का हे एका आज्ञेने तपासता येईल. मालकी म्हणजे माझ्या लेखी हे आहे.

पण प्रत्येक तबकडी अशी नसते. २००५ मध्ये सोनी बीएमजी या संगीत कंपनीने सीडीवर असे संरक्षण घातले की ती विंडोज संगणकात टाकताच एक लपलेला प्रोग्राम आत घुसत असे. प्रकरण उघडकीस आल्यावर त्या सीडी बाजारातून परत घ्याव्या लागल्या. फोर-के ब्लू-रे ही चित्रपटाची तबकडी संगणकावर अधिकृतपणे पाहायला इंटेलच्या प्रोसेसरमधल्या एसजीएक्स या सुरक्षा-सुविधेची अट होती, आणि ती सुविधा इंटेलने पुढच्या पिढ्यांच्या घरगुती प्रोसेसरांतून काढून टाकली. म्हणजे संगणक नवा घेतला आणि हातातली तबकडी मुकी झाली. कित्येक खेळांच्या तबकडीवर तर पूर्ण खेळच नसतो, उरलेला नेटवरून उतरवावा लागतो.

म्हणून कागद की फाइल, तबकडी की क्लाउड हा प्रश्न मी विचारतच नाही. मी एकच चाचणी करतो: यंत्राचे इंटरनेट बंद करायचे, फाइलची प्रत ज्याने त्या दुकानाचे नावही ऐकलेले नाही अशा दुसऱ्या यंत्रावर न्यायची आणि ती उघडते का पाहायचे. उघडली तर ती माझी आणि तिला मी विकत घेण्याची किंमत देतो. उघडली नाही तर ते भाडे आहे, आणि भाडे म्हणून रक्कम योग्य वाटली तरच देतो. वर्गणीला माझा विरोध नाही. वर्गणी निदान स्वतःला वर्गणी म्हणवते. माझा राग भाड्यावर लावलेल्या 'विकत घ्या' या पाटीवर आहे.

मधलासूर

तबकडीवाला यांचा प्रतिसाद वाचताना बऱ्याच ठिकाणी मान डोलावली, परंतु मी टेबलाच्या पलीकडच्या बाजूला बसतो म्हणून काही गोष्टी नोंदवणे आवश्यक वाटते. मी वाद्यसंगीत रचतो आणि माझे उत्पन्न बहुतांशी परवान्यांतून येते. कोणी माहितीपटात माझा तुकडा वापरतो, कोणी खेळात, आणि प्रत्येकाला मी ठरावीक वर्षांसाठी, ठरावीक माध्यमासाठी परवाना देतो. त्या माहितीपटाच्या निर्मात्याने पाच वर्षांचा परवाना घेतला आणि सहाव्या वर्षी तो माहितीपट दुकानातून दिसेनासा झाला, तर तुमच्या रागाचे लक्ष्य दुकान असते. प्रत्यक्षात दुकानाच्या मागे वितरक, वितरकाच्या मागे निर्माता आणि निर्मात्याच्या मागे माझ्यासारखे दहा जण उभे असतात, आणि प्रत्येकाच्या कराराची मुदत वेगळी असते. दुकानाने स्वतःजवळ नसलेले 'कायमचे' तुम्हाला विकले, ही फसगत आहे हे मला मान्य आहे. २०२३ च्या अखेरीस सोनीने प्लेस्टेशनच्या ग्राहकांना कळवले होते की त्यांनी विकत घेतलेले डिस्कव्हरीचे कार्यक्रम त्यांच्या संग्रहातून काढले जातील. कारण हेच, वरच्या पातळीवरचा करार. गदारोळ झाल्यावर नवा करार होऊन ते थांबले. म्हणजे करार वाढवता येत होता, कोणीतरी तो वाढवायला हवा होता इतकेच.

परंतु या धाग्यात 'परवाना' हा शब्द शिवीसारखा वापरला जात आहे, त्याला माझी हरकत आहे. क्रिएटिव्ह कॉमन्स हा परवानाच आहे. माझ्या काही रचना मी त्याखाली खुल्या केल्या आहेत, आणि त्या परवान्याचे वैशिष्ट्यच हे की अटी पाळणाऱ्याकडून तो मागे घेता येत नाही. उद्या माझे मन बदलले आणि मी त्या रचना माझ्या संकेतस्थळावरून काढल्या, तरी आज ज्याच्याकडे त्या आहेत त्याचा हक्क अबाधित राहतो. लिनक्स ही खुली संगणक-प्रणाली ज्या जीपीएलखाली मिळते तोही परवाना आहे, आणि तो तर तुमचे स्वातंत्र्य काढून घेणाऱ्यालाच आडवा येतो. तेव्हा खरा भेद परवाना आणि मालकी यांत नसून मागे घेता येणारा परवाना आणि मागे घेता न येणारा परवाना यांत आहे.

कुलूप काढल्याने संगीताचे काही बिघडले नाही, हेही पूर्ण चित्र नव्हे. कुलूप निघाले आणि काही वर्षांत लोकांनी गाणी विकत घेणेच जवळपास सोडले, सगळे वर्गणीकडे गेले. एकामुळे दुसरे झाले असे मी म्हणत नाही. पण आज माझी खुली, कुलूपाविना असलेली फाइल विकत घेणारे किती आहेत हे मी दर महिन्याच्या हिशेबात पाहतो आणि वर्गणीच्या सेवेतून ऐकणारे किती तेही पाहतो. समासटीप यांच्यासारखा जपून ठेवणारा ग्राहक मला हवा आहे; असे ग्राहक थोडे आहेत.

तबकडीवाला

परवान्याबद्दलचा तुमचा मुद्दा मान्य आणि माझ्या वाक्यांत ती ढिलाई होती. मागे घेता येणारा आणि न येणारा, हाच भेद अधिक नेमका आहे. एकच भर घालतो. तुमचा क्रिएटिव्ह कॉमन्स परवाना मागे घेता येत नाही तो केवळ शब्दांमुळे नव्हे, तर फाइल माझ्याकडे उघडी असल्यामुळेही. कागदावर 'कायमचा' लिहिलेला परवाना जर दूरच्या सर्व्हरच्या होकारावर चालत असेल, तर तो सर्व्हर जगेपर्यंतचाच. युबिसॉफ्टचा २०१४ सालचा 'द क्रू' हा मोटारींचा खेळ आठवा. तो एकट्याने खेळायलाही सर्व्हरशी जोडलेले असावे लागे. ३१ मार्च २०२४ रोजी सर्व्हर बंद झाले आणि तबकडी विकत घेतलेल्यांच्या हातातही निव्वळ प्लॅस्टिक उरले. त्यातूनच युरोपात 'स्टॉप किलिंग गेम्स' ही मोहीम उभी राहिली आणि तिच्या नागरिक-याचिकेवर दहा लाखांहून अधिक सह्या झाल्या. त्यांची मागणी फुकट सर्व्हर अनंतकाळ चालवण्याची नाही. सेवा बंद करताना खेळ चालू अवस्थेत ग्राहकाच्या हाती सोडून जा, इतकीच आहे.

विक्री कमी झाल्याबद्दल मात्र माझ्याकडे उत्तर नाही. तुमचा संकेतस्थळाचा दुवा व्यक्तिगत निरोपातून धाडा, दोन-तीन फ्लॅक नक्की घेतो.

समासटीप

सर्वांचे आभार. बॅटरी बदलून घेतली. दुरुस्ती करणाऱ्याने काढलेली जुनी बॅटरी दाखवली तेव्हा ती उशीसारखी दिसत होती, त्यामुळे तो सल्ला वेळेवर मिळाला. टॅबलेट चालू आहे आणि पुस्तक उघडते.

तबकडीवाला यांची चाचणी शनिवारी बसून केली. संगीत पूर्ण पास झाले, एकही फाइल अडली नाही. खेळांपैकी निम्मे नेट बंद केल्यावर सुरू झाले, उरलेल्यांनी आधी खात्यात शिरण्याचा हट्ट धरला. चित्रपट एकही दुसऱ्या यंत्रावर चालला नाही. पुस्तकांचा निकाल सर्वांत विचित्र होता: ज्या लहान प्रकाशकांकडून थेट घेतली होती ती सर्व ईपब या खुल्या स्वरूपातल्या फाइली म्हणून कुठेही उघडली, त्यांच्या पहिल्या पानावर माझे नाव आणि खरेदीची तारीख छापलेली आहे एवढेच. मोठ्या दुकानातून घेतलेली जवळपास सगळी नापास. किंमत दोघांचीही सारखीच पडली होती. ही गोष्ट मी इतकी वर्षे पाहिलीच नव्हती.

यापुढे चित्रपटांसाठी वर्गणी, आणि पुन्हा पुन्हा पाहावेसे वाटणारे मोजके ब्लू-रेवर, असे तूर्त ठरवले आहे. संदर्भग्रंथ उघड्या फाइलमध्ये मिळाले तर फाइल, नाहीतर कागद.

एक प्रश्न उरतो. समजा मी या पुस्तकाचे कुलूप स्वतः काढले, केवळ माझ्या वाचनासाठी, तर?

कलमदर्शी

तेवढ्यासाठीसुद्धा अनेक देशांत ते बेकायदा ठरते, आणि हीच यातली सर्वांत खटकणारी गाठ आहे. १९९६ च्या जागतिक बौद्धिक संपदा संघटनेच्या करारात सदस्य देशांनी अशा संरक्षक तंत्रांना कायद्याचे पाठबळ द्यावे असे ठरले. अमेरिकेने १९९८ मध्ये ते इतक्या कडक स्वरूपात आणले की कॉपीराइटचा भंग झाला नसला तरी कुलूप तोडणे हाच वेगळा गुन्हा झाला. दर तीन वर्षांनी तिथे काही अपवाद मंजूर होतात, जसे की अंध वाचकांच्या साधनांसाठी ई-पुस्तकाचे कुलूप काढणे. इतर काही देशांचे कायदे सौम्य आहेत आणि कॉपीराइट भंगाचा हेतू असेल तरच शिक्षा सांगतात. तुम्ही जिथे राहता तिथला मजकूर पाहिल्याशिवाय पुढे जाऊ नका, आणि अशी साधने कुठे मिळतात याची चर्चा कृपया या धाग्यावर नको.

पण एक गोष्ट तुमच्या हातून सुटते आहे. पुस्तक लेखकाचे असेल, समासातल्या टिपा तुमच्या आहेत. त्यांचा कॉपीराइट तुमचा, त्या बाहेर काढण्यासाठी कोणतेही कुलूप तोडावे लागत नाही, आणि बहुतेक वाचन-ॲपमध्ये टिपा वेगळ्या फाइलमध्ये निर्यात करण्याची सोय असते. २००९ मध्ये अॅमेझॉनने हक्कांच्या घोळामुळे आपल्या किंडल या वाचन-यंत्रावरून ऑर्वेल यांच्या दोन कादंबऱ्या दूरून पुसल्या, तेव्हा एका विद्यार्थ्याच्या अभ्यासाच्या टिपा यंत्रात राहिल्या, पण ज्या वाक्यांवर त्या लिहिल्या होत्या ती वाक्ये नाहीशी झाल्याने त्यांचा काही अर्थच उरला नाही. कंपनीने पुढे माफी मागितली आणि त्याचा दावा तडजोडीने मिटवला. जुना टॅबलेट चालतो आहे तोवर हे काम उरकून घ्या.

समासटीप

काल रात्री निर्यात केली. तीनशे बारा टिपा निघाल्या. तुम्ही म्हणता ती अडचण अगदी तशीच समोर आली: फाइलमध्ये पानांचे क्रमांक नाहीत, 'स्थान १८४२' असे आकडे आहेत, आणि त्या आकड्यांना त्या ॲपच्या बाहेर काही अर्थ नाही. एके ठिकाणी मी नुसते 'हे चूक आहे, पुढे पाहा' असे लिहून ठेवले आहे. काय चूक आहे आणि किती पुढे, हे पुस्तक समोर असल्याशिवाय मलाही सांगता येणार नाही.

म्हणून त्या ग्रंथाची वापरलेली छापील प्रत मागवली आहे. जुना टॅबलेट डावीकडे, ती उजवीकडे, अशी बैठक मारून एकेक टीप पेन्सिलीने तिच्या समासात उतरवायची आहे. विक्रेत्याने आधीच कळवले आहे की प्रत चांगली आहे, फक्त पहिल्या प्रकरणात आधीच्या मालकाने बऱ्याच ठिकाणी पेनाने काहीबाही लिहिले आहे.